दादाचा घसा

मी टॉन्सिल बोलतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बर्फावर पालथा पडलो होतो. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या आम्हा मंडळींना काप काढण्याआधी असंच गार करतात. ताईने मला कप्प्यात ठेवलं आणि दिवा न मालवताच ती गेली.

दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ आणि माझा मूळ मालक. मी सुजलो की त्याला आवंढा गिळवेना, आणि त्याचं घोरणं शेजाऱ्यांना सोसवेना. शेवटी आमची ताटातूट झाली. ताई त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. "फेकू नका, मला हवाय," म्हणाली.

घशात बसून मी कुणाचं भलं केलं नव्हतं. इथे मात्र साक्षीदार झालो. रुग्णाच्या गाठीत एखादी खूण शोधायची, तर ताई कापावर अँटीबॉडी सोडते. ही अँटीबॉडी पाठीवर विकर, म्हणजे एन्झाइम, घेऊन हिंडते आणि खूण सापडली की तिथेच चिकटते. वरून रंगाचं द्रावण घातलं की विकर तिथे तपकिरी डाग पाडतं, चहा सांडल्यासारखा. पण डाग पडलाच नाही तर? खूणच नाही, की द्रावण नासलंय? म्हणून शेजारी माझा काप. माझ्यात ती खूण असतेच. मी रंगलो, तरच रुग्णाचं उत्तर खरं.

दादा इस्पितळात ताईबरोबर जेवायला आला की विचारायचा, "काय गं, माझा घसा रंगला का आज?"

"रंगला. तुझ्यापेक्षा कामाचा आहे."

"मग दाखव की एकदा!"

"आज गर्दी आहे रे. पुढच्या आठवड्यात ये."

ताई कामावर परतली, तेव्हा माझा जेमतेम एक काप उरला होता. दुसऱ्या कुणाच्या टॉन्सिलचा नवा ठोकळा अजून पारखलेला नव्हता. बाहेर एका मुलीची आई उत्तरासाठी बसून होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, थांबू या का? हा शेवटचा आहे."

"त्या माउलीला थांबवायचं? दादा मला शिव्या घालेल."

तिने पातं फिरवलं. मी पाण्यावर तरंगलो, काचेवर चढलो आणि झकास तपकिरी झालो. मुलीचा काप कोरा राहिला. खूण माझ्यात असणं साधं, तिच्या गाठीत असणं वाईट. ती सुटली.

डॉक्टरीणबाई आईला सांगायला धावल्या. ताई मायक्रोस्कोपला डोळे लावून मला बघत राहिली. त्या मायक्रोस्कोपला समोरूनही दुसऱ्याला बघायची सोय आहे. तिकडची खुर्ची रिकामी होती.

दादाला दाखवायचं राहून गेलं.