मागच्याचं लिंबू

"अण्णा, तुमची श्रुती कोणती?" महालिंगानं मृदंग मांडीवर ओढत विचारलं.

सेतुरामानं तंबोऱ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं गाऊनही माणसाला आपली पट्टी सांगता येऊ नये! पण खरंच येत नव्हती.

कुंभकोणाजवळच्या मरुदानल्लूरच्या मठात एकादशीचं भजन सुरू व्हायचं होतं. पुढं उभं राहून गाणारा चंद्रमौळी भागवत वारून चौदा दिवस झाले होते. त्याच्या मागं उभं राहून पालुपद उचलणं हाच सेतुरामाचा जन्मभराचा धंदा. पुढच्याचा सूर तोच मागच्याचा. मान मात्र वेगळा. सहा वर्षांमागं, दिल्लीदरबाराच्या साली, कुंभकोणात गोऱ्या कलेक्टरानं भागवताला शाल पांघरली आणि मागच्याच्या हातावर लिंबू ठेवलं. परतताना गाडीत चंद्रमौळीनं तीच शाल दोघांच्या अंगावर घेतली होती.

आज पुढं सेतुराम. जमलं तर जागा त्याची, नाही तर तंजावरहून दुसरा भागवत येणार.

"त्याचीच लाव," तो म्हणाला.

"पांच कट्टै? एवढी उंच पट्टी गळा सोसेल की?"

"एकतीस वर्षें सोसला नव्हें?"

मागून सोसला होता. पुढं उभं राहिल्यावर तिसऱ्याच ओळीला आवाज फाटला. माणसं खाली बघू लागली. सेतुरामाला लाज वाटली नाही, रडूही आलं नाही. चौदा दिवस त्याला काहीच वाटत नव्हतं.

महालिंगानं वाजवणं थांबवलं, तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या आणि मागच्या गाठोड्यातून दुसरा, खालच्या सुराचा, ढाल्या आवाजाचा मृदंग काढला.

"तुमची दोन कट्टै, अण्णा. गाडींत झोपेंत गुणगुणतां, आम्ही अस्के जण ऐकलेत."

सेतुरामानं विचारलं, "चंद्रमौळीस ठाऊक होतें?"

"होतें."

एवढंच. सेतुराम गायला. खालच्या पट्टीत गळा असा मोकळा लागला की म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो सवयीनं थांबे. मागून कोणी उचलत नसे. मग पालुपदही तोच म्हणे.

जागा मिळाली. मठकऱ्यांनी ताट पुढं केलं. रिवाजाप्रमाणं त्यात एक शाल होती आणि एक लिंबू.

"शाल गोदावहिनींकडे पाठवा," सेतुराम म्हणाला. गोदा म्हणजे चंद्रमौळीची बायको.

लिंबू त्यानं कनवटीला लावलं आणि दोघं एका शालीत परतले होते त्या कुंभकोणच्या वाटेला लागला.