टाकी मेलेली नाही

सव्वीस वर्षं मी स्टार्च कारखान्याच्या सांडपाण्याची टाकी सांभाळते. लोक म्हणतात, घाण सांभाळते. म्हणेनात का, त्यांच्या नाकाला काय कळतंय. त्या बंद टाकीत, हवेचा वाराही न लागता, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं अख्खं गाव नांदतं. एक जमात स्टार्च खाऊन पाणी आंबट करते, दुसरी ते आंबट खाऊन गॅस सोडते. पहिली हावरट, दुसरी नाजूक आणि संथ. दुसरीला दुखवलं की सगळं नासलंच.

साहेबांनी नेमकं तेच केलं. पाहुणे येणार म्हणून यंत्रं जंतुनाशकानं लख्ख धुवून घेतली आणि ते पाणी थेट टाकीत सोडलं. शेवटी घाणच ना, म्हणे. दोन दिवसांत टाकी आंबली, गॅस निघायचा थांबला. मी टाकीत जाणारं पाणी तोडलं, चुना घातला आणि सांगून टाकलं, आता आठ दिवस हिला उपाशी ठेवायचं, तोवर कारखाना निम्म्यावर चालवा.

साहेबांना ते कुठलं पटायला. त्यांनी टँकर बोलावला. सगळा गाळ उपसून फेकायचा आणि विकतच्या जिवाणूंची पुडी टाकून नव्यानं सुरुवात करायची. गाव त्या गाळातच राहतं, ते पुन्हा वसायला सहा महिने लागतात, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पण गाळ गेला की चूकही गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फक्त एक अडचण होती. 'टाकी मेली' असं प्रयोगशाळेनं सहीनिशी लिहून दिल्याशिवाय गाळ फाटकाबाहेर जात नाही. आणि प्रयोगशाळेत बसते माझी भाची. कंत्राटावर आहे, माझ्या बहिणीचं घर तिच्यावरच चालतं.

उपासाच्या चौथ्या दिवशी सकाळी आंबटपणा पहिल्यांदा उतरला, अगदी थोडासा. भाची आकडा लिहीत असतानाच साहेब 'टाकी मेली' असा तयार कागद घेऊन आले.

"इथे सही कर."

"साहेब, टाकी जिवंत आहे," मी आडवी आले. "मी असेपर्यंत हा गाळ हलणार नाही."

"मावशी, तुम्ही दोन महिन्यांत रिटायर होताय," साहेब मला म्हणाले. " तुमचं काय जातंय?"

वर्मी लागलं, कारण खरं होतं. माझा सगळा ताठा फुकटचा होता. किंमत मोजणार होती ती पोर. बहिणीला कुठल्या तोंडानं भेटणार होते? माझी मान खाली गेली.

"कर गं सही," मी म्हटलं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

भाचीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. 'टाकी मेली' वर आडवी रेघ मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: टाकी जिवंत आहे, जंतुनाशकाचं पाणी सोडल्यामुळे आजारी पडली. खाली पूर्ण नावानिशी सही केली.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "पण आजचा दुपारचा नमुना अजून घ्यायचाय. जरा बाजूला व्हा, बाटल्या तुमच्या मागे आहेत."