फळीतला मधला

“चपळाई म्हणे! गवतसुद्धा चपळ असतं, लेका. वारा आला की सारखं हलतं. पण अडवतं का कुणाला?”

अल्सीड रोबिशो असं म्हणाला आणि चर्चच्या हॉलमधली सगळी टेबलं हसली. दोन घडीच्या खुर्च्या जोडून तो बसला होता, कारण एका खुर्चीवर त्याचा भरवसा नव्हता. समोर डेस्मंड पिएर होता. विमा विकणारा, सडपातळ, पन्नाशीला आला तरी शर्ट पँटीत खोचून मिरवणारा.

“नुसतं अडवून काय लोणचं घालायचंय?” डेस्मंड म्हणाला. “समोरचा चेंडू फेकायला हात वर करायचा, तोवर त्याला लोळवायचा कोण? मी. पेपरात फोटो कुणाचा यायचा? माझा. तुझा आलाच तर ढिगाऱ्याखालून एखादा बूट.”

“तुझ्या वाट्याची दोन धटिंगणं माझ्या छातीवर बसलेली असायची, म्हणून तू मोकळा सुटायचास. कृतघ्न!”

“घ्या! मला आपलं वाटायचं तू झोपलायस.”

सेंट आल्बिनच्या शाळेने फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आणि पळणाऱ्याला लोळवायच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, अख्खं लुइझियाना राज्य जिंकलं, त्याला तीस वर्षं झाली होती. म्हणून ही दुपारची जेवणं, हे मोठ्या पातेल्यातलं कोळंबी-भाताचं जांबालाया आणि हा वाद. बचावाच्या फळीत माणूस जाड हवा की चपळ? न्हाव्याच्या दुकानात, शुक्रवारच्या सामन्याला, अगदी मयताला जमले तरी हे दोघं यावर भांडायचे. डेस्मंडला ती करमणूक होती. अल्सीडला नव्हती. गुडघ्यांच्या वाट्या झिजून गेलेल्या, रात्री श्वासासाठी तोंडावर मशीन, आणि डॉक्टरने तोंडावर सांगितलेलं की शंभर पौंड उतरव, मग ऑपरेशनचं बघू. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तो बसून उसाचे ट्रक मोजायचा, कारण उभं राहायची नोकरी त्याला झेपत नव्हती. जाडी लागतच नव्हती असं ठरलं, तर हे सगळं कशासाठी? हा वाद हरणं त्याला परवडणारं नव्हतं.

शाळेच्या ग्रंथपाल बाई मिस ओफेलिया यांना कोठीघरात जुनी रिळं सापडली होती. त्यांनी ती कॉम्प्युटरवर चढवून आणली होती. पडदा लागला, दिवे मालवले. कोच हॉलिसना नातवाने खुर्ची पुढे ओढून दिली. शहाऐंशी वर्षांचं शरीर वाळून गेलं होतं, आवाज तेवढा शाबूत होता.

पडद्यावर करड्या रंगाची, मुकी पोरं धावायला लागली.

“अगं बाई, हे दोन वर्षं आधीचं दिसतंय,” मिस ओफेलिया म्हणाल्या. “चुकून लागलं.”

“काढ ते,” कोच म्हणाले. “जिंकलेलं लाव.”

“असू दे हो, बघू तरी,” अल्सीड म्हणाला. स्वतःचा खेळ त्याने कधी पाहिलाच नव्हता. तेव्हा रिळं कोच बघायचे, पोरं शिव्या खायची.

गॅलरीच्या टोकावरून घेतलेलं चित्र होतं. फळीच्या कडेला एक काटकुळं पोरगं वाकून उभं होतं. चेंडू हलला तसं ते समोरच्या दांडगटाच्या काखेखालून असं सटकलं, की त्याने मिठी मारली ती हवेला. तेवढ्यात चेंडू दुसऱ्या बाजूला गेला. पोरगं जागच्या जागी वळलं, अख्खं मैदान आडवं कापत गेलं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला त्याने मागून कमरेला धरून खाली घेतलं.

“आयला!” अल्सीड पुढे झुकला, खुर्च्या करकरल्या. “हा कुणाचा पोरगा रे? काय पळतोय! कोच, याला पुढे का नाही खेळवलंत? आपल्या टीममध्ये कसा नव्हता हा?”

नेहमी जिथे हशा पिकायचा, तिथे कुणी हसलं नाही.

“चोपन्न नंबर आहे,” मिस ओफेलिया म्हणाल्या.

डेस्मंडने पुढे वाकून पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “अल्सीड, नववीत चोपन्न तुझा होता.”

“काहीतरीच.”

“कोपराला पट्टी बघ. तुझ्या आईने उशीचा अभ्रा फाडून बांधली होती. आम्ही चिडवायचो.”

“परत लावा,” अल्सीड म्हणाला.

परत लावलं. पोरगं परत सटकलं, वळलं, पळालं. अल्सीड तोंड उघडं ठेवून बघत होता. दुसऱ्याच्या घरात आपला हरवलेला सदरा दिसावा, तसा.

“कोच,” तो म्हणाला, “तुम्ही मला सांगितलं होतंत की पळणं तुझ्या पायात नाही. तू खा, म्हणालात.”

“म्हणालो असेन.”

“मग हे काय आहे?”

या वयात माणूस एक तर विसरभोळा होतो, नाहीतर निगरगट्ट. कोच विसरभोळे नव्हते.

“पळणारे दोघं होते,” ते म्हणाले. “दोघांना कडेला ठेवून मधे काय बुजगावणं उभं करू? एकाला जड करायचं होतं.”

“मग मलाच का?”

“डेस्मंडची आई मास्तरीण. पोराला शंभर पौंड चढवा म्हटलं असतं तर डॉक्टरला घेऊन माझ्या दारात उभी राहिली असती. तुझ्या आईला सांगितलं, तर ती मला थँक्यू म्हणाली.”

म्हणणारच. लोकांच्या चादरी धुणारी बाई ती. पोराच्या अंगाची कुणाला तरी गरज आहे, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं होतं. तिने तांदळाचं पोतं आणलं, भातावर घेवडा, घेवड्यावर डुकराची चरबी, आणि स्वतः पातेलं खरवडून खाल्लं. गरिबाच्या घरात पोराचं अंग भरलं की देव पावला असं वाटतं. हे त्या हरामखोर कोचला पक्कं ठाऊक होतं. पुढे विद्यापीठाने अल्सीडला दोन वर्षं वापरलं. गुडघा गेला तशी खेळासाठीची शिष्यवृत्ती गेली. वजन तेवढं त्याच्याकडे ठेवलं.

पण अल्सीड ओरडला नाही. त्याला खरंच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

“बरं, एक सांगा. मी असाच हलका राहिलो असतो, तर आपण हरलो असतो का?”

जांबालाया वाढणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या. कोचनी पडद्याकडे पाहिलं.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “तसं खेळवून बघितलंच नाही मी.”

सगळ्यांनी डेस्मंडकडे पाहिलं. चपळ पोराला दाद खुद्द अल्सीडने दिली होती; तीस वर्षांचा वाद डेस्मंड बसल्या जागी जिंकला होता. त्याने ताटातलं कोळंबीचं शेपूट बोटाने इकडून तिकडे सरकवलं.

“माझ्यापेक्षा जोरात पळतोय रे हा,” तो म्हणाला. “बराच जोरात.”

“गप्प बस,” अल्सीड म्हणाला.

“खरं तेच सांगतोय.”

“म्हणूनच म्हणतोय, गप्प बस.”

मग दिवे लागले. कोचना थकवा आला, नातू त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी अल्सीडच्या खांद्यावर हात ठेवला. अल्सीडने तो झटकला नाही, आणि वर पाहिलंही नाही. माणसं पातेल्याकडे वळली, बोलणं पुन्हा सुरू झालं, आधी दबकत, मग नेहमीसारखं.

“जिंकलेलं लावू का आता?” मिस ओफेलियांनी विचारलं. “त्यात तुम्ही मधे आहात. छान दिसता.”

“नको. हेच, शेवटपर्यंत.”

उजेडात चित्र फिकट दिसत होतं. पोराने पळणाऱ्याला पाडलं. उठलं. पडलेल्याला हात देऊन उभं केलं. कोपरावरची पट्टी वर सरकवली आणि बाहेर जायला निघालं. चालत नाही, दुडक्या चालीने पळत, उगीच, पाय आहेत म्हणून. कॅमेरा त्याच्यामागे गेला नाही. ते पडद्याच्या कडेशी पोचलं, अर्धं दिसलं, आणि मग नुसतं गवत राहिलं.

अल्सीडने खुर्च्यांना धरून अंग पुढे काढलं आणि मान वाकडी करून कडेच्या पलीकडे पाहिलं.