वरची वसंतची, खालची सुलभाची

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रस्त्यावर धूर सोडत धावणारी नव्हे; तुमच्या तळहातावर मावेल एवढी, प्लॅस्टिकची. माझा टप निळा आणि बूड लाल. मला पाहून हसू आलं तर खुशाल हसा, कारण मी एका डब्यातून जन्मलेलीच नाही.

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात एकाच ओट्यावर दोन घरं होती. एकात सुलभा राहायची, दुसऱ्यात वसंत. तिला भाऊ नाही, त्याला बहीण नाही, म्हणून भाऊबीज दोघांची ठरलेली. सुलभाचे देवराममामा बोटीवर कामाला होते. छप्पन सालच्या उन्हाळ्यात त्यांनी दोघांना दोन डबे आणले. आत मोटारीचे सुटे भाग आणि ते चिकटवायचा डिंक.

सुलभाने आपल्या मोटारीचा टप हौसेने बुडासारखाच लाल रंगवला. रंग काही वाळेना. तिची आई मालूबाई घराच्या धाब्यावर कुरडया घालत होती. तिने तो टपही कुरडयांच्या ओळीत मांडला. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन ते! दुपारपर्यंत कुरडया कडकडीत वाळल्या आणि टप भिजल्या पापडासारखा खाली बसला.

"माय व! हे पिघलते म्हनून मले काय मालूम?" मालूबाई लेकीपेक्षा जास्त रडली.

वसंत मात्र पोट धरून हसला. त्याने आपली निळी मोटार झोकात जोडली होती. दसरा आला. टांगेवाले राजघाटावर टांगे धुऊन काढत होते, पूजेसाठी. मग आपली मोटार पारोशी कशी ठेवायची? वसंतने तिला तापीत बुडवून खसाखसा घासलं. डिंक सुटला. चाकांसकट बूड नदीने नेलं आणि वसंतच्या हातात नुसता टप राहिला.

आता हसायची पाळी सुलभाची होती, पण ती हसली नाही. तिने आपला डबा आणला. त्यात लाल बूड आणि चाकं तशीच जपून ठेवलेली होती. वसंतचा टप त्यावर ठेवून पाहिला, तर बूड जरा रुंद. मालूबाई म्हणाली, "उन्हानं बिघडलं ना? आता दिव्यावर सुधरवू." निरांजनाच्या आचेवर तिने बुडाच्या कडा मऊ केल्या, बोटं भाजत आत वळवल्या आणि टप बसवला. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी पहिल्यांदा धावले, तेव्हा मालूबाईचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही!

पण माझं सुख फार टिकलं नाही. जुना प्रांत मोडून नवं राज्य होणार होतं. वसंतचे वडील गजाननराव सरकारी कचेरीत कारकून. त्यांची नेमणूक अकोल्याला झाली आणि अकोला गेलं मुंबई राज्यात. दिवाळी झाली की बिऱ्हाड हलणार होतं. मग मी कुणाची?

"वरची माझी आहे. लोक वरचीच बघतात ना!" वसंत म्हणाला.

"चाकं माझी आहेत. घेऊन जा बिनचाकाची, ढकलत बस!" सुलभा म्हणाली.

दोघांनी अबोला धरला. गजाननराव सामान बांधता बांधता बोलले, "अरे, सुटी कर तिला. ज्याचं त्याला देऊन टाक." वसंतने पातं आणून माझ्या सांध्यात खुपसलं. मित्रांनो, मी किती भ्याले म्हणून सांगू! पण मालूबाईने वळवलेल्या कडा घट्ट होत्या. नुसती रेघ पडली. तो जोर लावणार, तेवढ्यात दारातून सुलभा मान खाली घालून म्हणाली, "पाट मांडलाय. येतोस का?"

भाऊबीज होती ती. वसंत पातं टाकून, मला हातात घेऊनच गेला. सुलभाने ओवाळलं. ओवाळणी म्हणून आईने दिलेला रुपया त्याच्या खिशातच राहिला आणि त्याने तबकात मला ठेवलं.

"राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "दरसाल येईन मी. तेव्हा चालवू दे, बस."

आणि तो खरंच येत राहिला. मिसरूड फुटलं तरी ओट्यावर मांडी घालून मला पळवायचा. ती रेघ दिसली की अंगठ्याने चोळायचा.

तुमच्याकडेही मोडकं खेळणं असेल, शेजारच्या मुलाकडेही असेल. टाकण्याआधी दोन्ही एकदा शेजारी ठेवून पाहा. कोण जाणे, माझ्यासारखं कुणी त्यातून उठून उभं राहील. आणि जोडलंत, तर जपा. भांडण झालं म्हणून पातं हाती घेऊ नका.

एका वर्षी नोकरीमुळे वसंतला येता आलं नाही. सुलभाने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायची रीत तिला ठाऊक होती, पण तिने पाट मांडला आणि पाटावर मला ठेवलं. निळ्या टपाला कुंकू लावलं. डोळे भरून आल्यामुळे तबक जरा जास्तच जवळ आलं असावं, कारण आतून मालूबाई ओरडली, "दिवा दूर धर व पोरी! पिघलून जाईन ना भाऊ तुहा!"