अजून नाही

बाटलीचे बूच काढून नाकवाल्यांनी ते ट्रेमध्ये ठेवले, शेजारी घोटभर वाइनचा ग्लास ठेवला, बाजूला रुमालाची घडी ठेवली आणि ट्रे भांडी धुण्याच्या खिडकीतून आत सरकवला. पलीकडून दोन ओले हात आले आणि ट्रे घेऊन गेले. नाकवाले कोटावरची नसलेली धूळ झटकत उभे राहिले. मिनिटाभरात ट्रे परत आला. रुमालाची घडी तशीच होती, म्हणजे बाटली चांगली होती. घडी मोडलेली असती तर बाटली खराब.

मग ते टेबलाशी गेले, सगळ्यांसमोर ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "उत्तम आहे. फक्त पंधरा मिनिटं वारा लागू द्या तिला."

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. नाकवाल्यांना त्या ग्लासातून कसलाही वास आला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचे नाक गेले, ते परत आलेच नाही.

नाकवाले हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. पंचवीस वर्षांपूर्वी हे उपाहारगृह निघाले तेव्हा मोठ्या मालकांनी त्यांना ते दिले, आणि ते इतके चिकटले की पगाराच्या पाकिटावरही तेच येऊ लागले. बंद डोळ्यांनी बाटलीचे वय सांगणारा माणूस होता तो. त्याच्यापुढे बोलायची कुणाची बिशाद नव्हती.

खिडकीपलीकडचे हात त्यांच्या थोरल्या बहिणीचे. ताईचे यजमान गेल्यावर नाकवाल्यांनीच शब्द टाकून तिला इथे लावले होते, त्याला आता एकोणीस वर्षे झाली. पहिल्या दिवशीच त्यांनी तिला दम भरला होता, "वाइनच्या ग्लासाला साबण लावायचा नाही. कढत पाणी आणि कोरडं फडकं. साबणाचा वास आला, तर माझं नाक कापलं जाईल." ताई पडली शब्दाला जागणारी. ती प्रत्येक ग्लास धुतल्यावर हुंगू लागली. मग धुण्याआधीही हुंगू लागली. एकोणीस वर्षांत तिने किती उष्टे ग्लास हुंगले असतील याची गणती नाही, पण घोट म्हणून तिने एकदाही घेतला नव्हता.

तापातून उठल्यावर आठवड्याभरात नाकवाल्यांच्या हातून एक नासकी बाटली टेबलावर गेली. गिऱ्हाईक इतके भले, की शेवटच्या थेंबापर्यंत वाखाणत राहिले. पण त्यांचा उष्टा ग्लास ताईकडे धुवायला गेला आणि ती बाहेर आली.

"अरे, ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय याला. तुला कळलं कसं नाही?"

नाकवाल्यांनी सबब शोधून पाहिली. मग ते पालथ्या खोक्यावर बसले.

"ताई, मला कसलाच वास येत नाही गं."

"कधीपासून?"

"तापापासून. डॉक्टर म्हणतात, आला तर येईल."

ताईने पदराला हात पुसले. "बरं. उद्यापासून पहिला ग्लास माझ्याकडे पाठवत जा."

"कुणाला कळलं तर?"

"खिडकीतून माझे हात दिसतात फक्त. हातांना कोण विचारतंय?"

तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची चालली होती. दोन वर्षांत कुणाला कानोकान खबर नव्हती. नाकवाल्यांना मात्र एक तारीख ठाऊक होती आणि कॅलेंडराचे ते पान उलटायचे ते टाळत होते.

आज ती तारीख होती. दुपारची शेवटची टेबले उठल्यावर मालकीणबाई आल्या. मोठ्या मालकांची ही एकुलती एक मुलगी. परकर सावरत पळायची तेव्हापासून नाकवाल्यांना काका म्हणायची. आता सगळा कारभार तिच्याकडे होता.

"काका, चार वाजता तळघरात. बाबांची बाटली."

मोठ्या मालकांनी उपाहारगृह उघडले त्या वर्षी भूमध्य समुद्राकाठच्या भरदार तांबड्या वाइनच्या बारा बाटल्या तळघरात आडव्या निजवल्या होत्या. त्या विकायच्या नाहीत, पिकल्या की सगळ्या नोकरमाणसांनी एका टेबलावर बसून प्यायच्या, असे त्यांनी ठरवले होते. पिकल्या की नाही ते पाहायला दहाव्या वर्षी एक उघडायची, मग दर पाच वर्षांनी एक, आणि निकाल खडूने भिंतीवर लिहायचा. भिंतीवर नाकवाल्यांच्या वळणदार अक्षरात तीन ओळी होत्या. दहावे वर्ष: अजून नाही. पंधरावे वर्ष: अजून नाही. विसावे वर्ष: अजून नाही. शेवटच्या आजारात मोठे मालक म्हणाले होते, "पोरीला यातलं कळत नाही. तिला तू सांगायचंस." नाकवाल्यांनी होकार दिला होता.

तळघरात गारवा होता. गाळ खाली बसावा म्हणून नाकवाल्यांनी बाटली कालपासूनच उभी करून ठेवली होती. जुने बूच तुकडा न पडता निघाले. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती ठेवून त्यांनी वाइन काचेच्या सुरईत अगदी सावकाश ओतली, आणि मानेत गाळाची काळी रेघ दिसताच हात थांबवला. हात आणि डोळे अजून शाबूत होते. मग त्यांनी घोट घेऊन तोंडात फिरवला. जिभेने सांगितले, आंबटपणा आहे, तुरटपणा मवाळ झालाय. पुढचे सगळे नाकाचे काम, आणि तिथे दार बंद होते.

"काय म्हणते?" मालकीणबाईंनी विचारले.

अजून नाही म्हणणे सोपे होते. पुढची बाटली पाच वर्षांनी उघडणार, तोवर नाकवाले निवृत्त. तीनदा लिहिलेले चौथ्यांदा लिहायचे, इतकेच. त्यांनी खडू उचलला. 'पंचविसावे वर्ष: अजून' एवढे लिहिले आणि त्यांचा हात थांबला.

"खडू संपला का?"

"नाही." नाकवाले वळले. "मॅडम, मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. हे मी अंदाजाने लिहितोय, आणि तुमच्या बाबांच्या बाटलीला अंदाज चालणार नाही."

मालकीणबाईंनी मेणबत्ती त्यांच्या चेहऱ्याजवळ आणली. "मग वर टेबलावर इतके दिवस कोण सांगत होतं?"

"ताई. खिडकीतून."

"बोलवा त्यांना."

ताई तळघराच्या पायऱ्या पहिल्यांदाच उतरत होती. काय झाले ते भावाच्या चेहऱ्यावरून तिला कळले. तिने हात कोरडे केले, ग्लास घेतला, एकदा हुंगला, मान फिरवून जरा थांबली आणि पुन्हा हुंगला.

"घोट घ्या ना," मालकीणबाई म्हणाल्या.

"नको. चवीतलं मला कळत नाही, वासातलं सांगते. सुक्या अंजिराचा वास आहे, त्याच्याखाली नव्या चपलेचा. फार छान आहे. पण मागून थोडा आंबूस वास यायला लागलाय. आता ठेवू नका."

"पाच वर्षं ठेवली असती तर?"

"स्वयंपाकघरात द्यावी लागली असती. व्हिनेगर म्हणून."

नाकवाल्यांनी कोटाच्या बाहीने 'अजून' पुसून टाकले आणि खडू ताईच्या हातात दिला. तिने उंच होऊन लिहिले, 'आता'. अक्षर तिरके आले.

मालकीणबाईंनी तो शब्द वाचला. "काका, आधी सांगितलं असतंत, तर मी काय तुम्हाला काढलं असतं?"

"माहीत नाही, मॅडम. म्हणूनच नाही सांगितलं."

मालकीणबाई पायरीशी गेल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, "उरलेल्या आठ रविवारी उघडू, सगळ्यांसाठी. आणि संध्याकाळपासून बाटली उघडायला ताई बाहेर उभ्या राहतील."

नाकवाल्यांनी कुठे उभे राहायचे ते त्यांनी सांगितले नाही. नाकवाल्यांनीही विचारले नाही. त्यांना वाईट वाटले आणि हलकेही वाटले, दोन्ही एकदमच.

संध्याकाळी त्यांनी कोट खुंटीला लावला. ताईने आपला एप्रन सोडून त्यांच्या कमरेला बांधला, लहानपणी त्यांच्या चड्डीची नाडी बांधायची तशीच, गाठ दोनदा ओढून.

"पाणी कढत घे," ती म्हणाली. "आणि ग्लासाला साबण..."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे रे तुला. तरी सांगते."

ती बाहेर गेली. थोड्या वेळाने पहिल्या टेबलाचा रिकामा ग्लास खिडकीतून आत आला. तळाशी तांबडा थेंब उरला होता. नाकवाल्यांनी ग्लास सवयीने नाकाशी नेला, थोडा वेळ धरला आणि कढत पाण्यात सोडला. बाहेरून कुणी पाहिले असते, तर त्याला फक्त दोन ओले हात दिसले असते.