पाठीवरचं नाव

नोझुको लहान असताना गुरुवारी दुपारी टेकडीवरच्या चर्चमधून बायकांचा आवाज यायचा. कुणी मधमाश्यांचं पोळं हलवल्यासारखा. सगळ्या जणी एकाच वेळी, मोठमोठ्याने, आपापल्या शब्दांत देवाकडे मागायच्या. एकीचं संपल्यावर दुसरीने सुरू करायचं, असली शिस्त त्यांना ठाऊकच नव्हती. कोणाचं आधी ऐकायचं ते देवाने बघावं.

त्या दिवशी आईचा तोरा काही वेगळाच असे. कोळशाची इस्त्री, लाल ब्लाउज, पांढरी कॉलर, पांढरी टोपी. ओल्या हाताने कॉलरला कुणी बोट लावलं तर त्याची खैर नसे. तो ब्लाउज काही दुकानातून उचलून अंगात घालता येत नव्हता. चर्च आधी बाईची वागणूक बघायचं आणि मगच तो द्यायचं. बाबांशी भांडायचं झालं तर आई आधी ब्लाउज काढून घडी करून ठेवायची, मग तोंड उघडायची.

त्या गुरुवारची एक रीत होती. तिथे स्वतःसाठी काही मागायचं नाही. बायका मूल जसं ब्लँकेटने पाठीशी बांधतात, तसं प्रत्येकीने एकेक नाव पाठीवर घ्यायचं. दारुडा दीर, आजारी शेजारीण, परागंदा झालेला भाचा. बाई मेली तर तिच्या पाठीवरचं नाव दफनाच्याच दिवशी दुसरीने उचलायचं. मात्र ज्याच्यासाठी मागायचं तोच मेला, तर नाव खाली ठेवायचं. मेलेल्यांसाठी त्यांच्या चर्चमध्ये मागत नसत. तो माणूस देवापाशी पोचलेला, मग त्याच्यासाठी रदबदली कसली!

आईच्या पाठीवर नोझुकोच्या थोरल्या भावाचं नाव होतं, वेलिले. मिसरूड फुटल्या फुटल्या तो खाणीत कामाला गेला. थोडे दिवस पत्रं आली, एकदा ब्लँकेट आलं आणि मग सगळं थांबलं. आई दर गुरुवारी त्याला मागत राहिली. नोझुको खिडकीखाली उभी राहून ऐकायची. एवढ्या गोंगाटात कधीतरी आपलंही नाव येईल, असं तिला वाटे. ते कधी आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. ती घरातच होती, धडधाकट होती आणि सांगितलेलं ऐकत होती.

आई गेली त्या दिवशी कबरीपाशी शेजारची माराडेबे पुढे झाली. "वेलिले आता माझा," असं म्हणून तिने नाव उचललं.

आता नोझुकोची पन्नाशी उलटली होती. जोहान्सबर्गमध्ये एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिची सारी उमर गेली. गेल्या महिन्यात एक म्हातारा तिला शोधत दारात आला. खाणीवर वेलिलेच्याच खोलीत राहिलेला. त्याच्या हातात वेलिलेचं ब्लँकेट होतं. वेलिले छातीच्या दुखण्याने गेला होता, त्याला तीन हिवाळे झाले होते. तिकडेच त्याला पुरलं होतं.

हे सांगायलाच ती गावी आली होती. पण टेकडी चढता चढता ती मध्येच थांबली. आईबाबा गेले, वेलिलेच्या बरोबरीची पोरं पांगली. साऱ्या जगात हीच एक जागा उरली होती, जिथे त्याचं नाव अजून कुणीतरी मोठ्याने घेत होतं. तिने तोंड उघडलं की ते आजच बंद होणार. तिच्याच्याने ते होईना.

चर्चमध्ये आता मूठभर म्हाताऱ्या उरल्या होत्या. आवाज मात्र तोच. नोझुको मागच्या बाकावर बसली. माराडेबे पुढे फरशीवर गुडघे टेकून, मुठी आपटत देवाशी भांडत होती.

"देवा, आमचा वेलिले! बिनमोज्याचा हिंडतो रे तो, थंडीत तरी त्याच्या पायांत काहीतरी घाल. सालीसकट बटाटा देऊ नकोस, ताटात तसाच टाकून उठेल. आणि कुठल्या भलत्या पोरीच्या नादी लागू देऊ नकोस. भोळा आहे चेहऱ्याने!"

नोझुकोला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. वेलिले असता तर आता साठीला टेकला असता. बटाट्याचं तर ती साफ विसरून गेली होती. इथे तो अजून अनवाणी होता, ताटावरून उठत होता, पोरींच्या नादी लागायच्या वयाचा होता.

प्रार्थना आटोपली आणि चहा आला. नोझुकोने पहिला कप माराडेबेच्या हातात दिला.

"काही कळलं का गं त्याचं?" माराडेबेने विचारलं. नोझुको गावी आली की ती हे विचारल्याशिवाय राहत नसे.

"नाही," नोझुको म्हणाली. शब्द कसा बाहेर पडला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"बरं. मग पुढच्या गुरुवारी पुन्हा."

"पुन्हा म्हणे!" चहा ओतणारी नोमवूयो उसळली. "डॉक्टरने हिला गुडघे टेकायला मनाई केलीय. मी घरून खुर्ची आणून ठेवली. त्या खुर्चीवर कोंबडी बसते, ही काही बसत नाही."

"तो आला की बसेन. त्याच्या आईला शब्द दिलाय मी."

माराडेबेचे काळे मोजे गुडघ्यांवर ताणून पांढुरके दिसत होते, आतून सूज आलेली. नोझुकोने ते पाहिलं आणि तिचा धीर सुटला.

"माराडेबे, मी खोटं बोलले. वेलिले गेला. तीन हिवाळे झाले."

माराडेबेने कप खाली ठेवला.

"तीन हिवाळे," ती म्हणाली. "तीन हिवाळे मी मेलेल्या पोराला मोजे घाल म्हणून कोकलतेय! देवाने एकदा तरी सांगायचं होतं, बाई, गप्प बस!"

"सांगितलं असेल," नोमवूयो म्हणाली. "तुझ्या आरडाओरड्यात त्याचं ऐकू कुणाला येणार?"

माराडेबे खो खो हसली. हसता हसताच रडू लागली, मग सगळ्याच रडल्या.

"त्याचं नाव आता कुणीच घेणार नाही," नोझुको हुंदके देत म्हणाली. "म्हणून सांगवत नव्हतं."

"का घेणार नाही? घरी घे. चुलीपाशी घे. बटाटे सोलताना घे. आम्ही फक्त मागायचं थांबवणार, पोरी. आठवायला कुणाची परवानगी लागते?"

माराडेबेने छातीवर हात नेले आणि ब्लँकेटची गाठ सोडावी तशी बोटं हलवली. मग वाकून, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसे दोन्ही हात फरशीपर्यंत नेले. "वेलिले," ती म्हणाली. बाकीच्यांनीही ते नाव एकदा घेतलं. कुणी काही मागितलं नाही.

मग तिने ब्लाउजच्या बाहीने तोंड पुसलं. "पाठ रिकामी घेऊन घरी जायची रीत नाही. नोझुको, तुझं नाव कुणाकडे आहे?"

"माझं? मी ठीक आहे की! मला कशाला?"

म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. नोमवूयोने कोंबडीला हुसकावून खुर्ची ओढत आणली.

"आता तरी हिच्यावर बस बाई. शब्द फिटला तुझा."

"खुर्ची नेऊन ठेव तिकडे. वेलिलेचं बरं होतं, तो हरवलाय हे निदान सगळ्यांना ठाऊक होतं. ही म्हणते, मी ठीक आहे! हिच्यासाठी गुडघेच लागतील."

ती बाकाला धरून, कण्हत, पुन्हा खाली टेकली. नोझुको तिला आवरायला धावली, तर तिने हात धरून तिलाही शेजारी बसवलं आणि छपराकडे तोंड करून गर्जना केली.

"देवा, ही आमची नोझुको! मोजे घालते ही, तेवढी तुझी काळजी मिटली. पण लहानपणी गुरुवारी त्या खिडकीखाली उभी राहायची बघ. आम्हाला सगळ्यांना दिसायची. आम्ही हरवलेल्यांना हाका मारत राहिलो आणि हिला कुणी आत बोलावलं नाही. आता बोलावतोय!"

आणि त्या साऱ्या म्हाताऱ्या एकदम, एकमेकींचं काहीएक न ऐकता, तिचं नाव घ्यायला लागल्या.