हात लावायचा नाही

"थांब जरा, आत्ता दिसेल," संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता बाई म्हणाल्या.

"आई, मघापासून तेच म्हणतेयस. खोकी कुठायत ते सांग, मी भरायला घेते." लेक प्रयोगशाळेच्या दारातच गाडीची किल्ली बोटात फिरवत उभी होती.

पडदा काळाच राहिला. तिथं अणूंचा ढग यायला हवा होता, चांगला तिळाएवढा. लेझरच्या प्रकाशानं अणूंना थोपवत थोपवत इतकं गार करायचं, की त्यांची धावपळ जवळजवळ थांबावी. मग प्रकाशाच्याच जाळीत ते बसवायचे आणि एकमेकांच्या संगतीत कसे वागतात ते बघायचं. बाईंनी उभी हयात यात घातली. इमारतीतले लोक त्यांना फ्रीजवाल्या बाई म्हणायचे, त्याही हसून घ्यायच्या. आज त्या निवृत्त होत होत्या आणि उद्या यंत्र मोडीत निघणार होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, लेकीला तो ढग दाखवायचा होता. आई कशापायी घरी नसायची, ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढीच हौस उरली होती.

"एकटा अणू कसा वागतो ते केव्हाच कळलंय गं. पण पुष्कळ एकत्र आले ना, की..."

"घरी आपण तिघं होतो की. आमच्यावर करायचा होतास तो अभ्यास!"

लेक हसतच म्हणाली, पण बाईंना ते बरोबर लागलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. काळोख. ज्या धातूचे अणू वापरायचे, त्या रुबिडियमची आतली कुपी संपत आलीय हे त्यांना ठाऊक होतं, तरी वेडी आशा. कंबर धरून त्या खुर्चीत बसल्या. फार दमल्या होत्या.

"संपलं गं. दाखवण्यासारखं काही उरलं नाही."

मग त्यांनी यंत्रातली हवा ओढून घेणारे पंप बंद केले. घरघर थांबली तशी खोली परक्याची वाटायला लागली. अणू जिच्यात गार व्हायचे त्या निर्वात पोलादी पेटीत झडप उघडून त्यांनी हवा सोडली, हातमोजे चढवले आणि एकेक बोल्ट सोडवून झाकण उतरवलं. आत नुसती चकाकी.

बघायला म्हणून लेक जवळ आली आणि तिचे हात आपसूक पाठीमागे गेले. लहानपणी ती इथं आली की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "हात मागे!" उघड्या बोटाचा तेलकटपणा आत लागला तर महिन्यांची मेहनत पाण्यात. आता केसांत रुपेरी बटा आल्या, तरी पोर तशीच उभी.

"लाव हात."

"आं?"

"लाव गं. आता काही बिघडत नाही."

लेकीनं बिचकत हात आत घातला, तळवा टेकवला.

"गार आहे?" उत्तर माहीत असून बाईंनी विचारलं. गार असायचे ते अणू, पेटी कधीच नव्हती.

"छे गं. साधंच आहे. आपल्या डब्यासारखं."

बाईंनी हातमोजा काढला आणि तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

हात बाहेर काढले तेव्हा आत दोघींच्या बोटांचे ठसे उमटले होते. सवयीनं बाईंनी पुसायला फडकं उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.